'जन्मजात गुन्हेगार' : एका शिक्क्याचा इतिहास

सन २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी जॉर्ज फ्लॉइड नावाचा एक कृष्णवर्णीय मनुष्य पोलीस अधिकाऱ्याच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. त्याने दुकानात दिलेली वीस डॉलरची नोट खोटी असावी, असा संशय, एवढेच निमित्त होते. तो गुडघा नऊ मिनिटांहून अधिक काळ त्याच्या मानेवर होता आणि रस्त्यावरची माणसे ते पाहत होती. आपल्या उज्जैनच्या मराठी घरांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत. टाळेबंदीचे दिवस असल्याने संध्याकाळचे फोन लांबत चालले होते. अशाच एका फोनवर आम्ही हळहळ व्यक्त केली, "तिकडे काळ्या लोकांना फारच वाईट वागवतात," असेही बोलून गेलो. पलीकडे आमच्या भाचीची मुलगी होती. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही तर सरकारात अधिकारी होतात. आपल्याकडे पोलीस कुणाला धरतात?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले आणि विषय बदलला. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. त्याचे खरे उत्तर आम्हांस ठाऊक होते, आणि त्या उत्तरात आमची स्वतःची सहीही होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रारंभ एका शब्दापासून करू. अमेरिकेत कृष्णवर्णीय तरुणांविषयी बोलताना तिकडचे पुढारी आणि वार्ताहर ज्या एका शब्दाचा सर्रास उपयोग करतात तो 'ठग' हा होय. हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याच मुलखातून, नर्मदेच्या काठावरून. नरसिंहपूर आणि जबलपूर येथे कारभार पाहणाऱ्या विल्यम स्लीमन याने ठगांचा बंदोबस्त करण्याची मोहीम चालवली. पुढे फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहिली, आणि तो शब्द इंग्रजी घराघरांत पोहोचला. ठगांची संघटना खरोखर स्लीमन म्हणतो तेवढी व्यापक होती की माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून तिचे चित्र फुगत गेले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १८३६ चा कायदा. या कायद्याने असे ठरवले, की अमुक मनुष्य ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेपेस ते पुरेसे आहे. त्याने कोणाचा गळा आवळला, कधी, कोठे, हे दाखवण्याची गरज उरली नाही. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणांतला आहे हा प्रश्न न्यायालयात प्रथम आला तो येथे.

त्याच काळात आपल्या माळव्यात दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि तिच्याकडे आपण मराठी लोकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. आपले पूर्वज शिंदे-होळकरांच्या मागोमाग या प्रदेशी आले. कोणी कमाविसदार म्हणून, कोणी दप्तरदार म्हणून, कोणी देवळांच्या पूजेअर्चेसाठी. त्याच फौजांच्या मागोमाग पेंढारीही आले. त्यांच्यात 'शिंदेशाही' आणि 'होळकरशाही' असे तट होते, म्हणजे ते आमच्याच दौलतीच्या नावाने ओळखले जात. इंग्रजांनी १८१७-१८ मध्ये पेंढाऱ्यांचा मोड केला. चितू आसिरगडच्या रानात वाघाच्या तोंडी गेला. करीमखानास गोरखपूरकडे जमीन देऊन बसवण्यात आले. आणि यशवंतराव होळकरांचा साथीदार अमीरखान, ज्याच्या स्वारीच्या आठवणीने राजपुताना कापत असे, तो टोंकचा नवाब झाला. त्याचे राज्य स्वातंत्र्यापर्यंत टिकले. ज्याच्यापाशी फौज होती त्याला गादी मिळाली, ज्याला जमीन मिळाली त्याचे वंशज शेतकरी झाले, आणि एक-दोन पिढ्यांत त्यांची नावे पोलिसांच्या कागदांतून नाहीशी झाली. ज्यांच्यापाशी फासे, जाळी आणि गाढवे एवढेच होते त्यांच्या वाट्याला मात्र रजिस्टर आले.

ते रजिस्टर म्हणजे १८७१ चा 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट'. या कायद्याचे समर्थन करताना सरकारी बाजूने मांडलेला मुद्दा मोठा लक्षणीय होता. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, त्याअर्थी चोराचा मुलगा चोरच होणार! आपल्याच जातिव्यवस्थेचा आरसा इंग्रजाने आपल्यासमोर धरला आणि त्यातून कायदा काढला. म्हणूनच आमच्या सुशिक्षित पूर्वजांना त्यात काही वावगे वाटले नसावे. प्रथम हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या दुरुस्तीने तो सर्व ब्रिटिश मुलखात लागू करण्याजोगा झाला. १९२४ मध्ये त्याचे पुन्हा एकत्रीकरण झाले. जमात 'अधिसूचित' झाली की तिच्या माणसांची नोंदणी, हजेरी, गावाबाहेर जाण्यास परवाना, आणि १८९७ नंतर तर चार वर्षांवरील मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचाही अधिकार सरकारला मिळाला.

संस्थानी मुलूख यातून सुटला होता असे समजण्याचे कारण नाही. माळवा आणि राजपुताना येथील मोघिया जमातीवर ठगी-डकैती खात्याची नजर असे आणि मध्य हिंदुस्थानातील दरबारांनी त्यांच्या नोंदण्या करून त्यांना ठरावीक जागी बसवण्याचे प्रयोग केले. गंमत अशी, की हेच मोघिये कित्येक गावांत राखणदार म्हणूनही नेमले जात; दक्षिणेत जसे रामोशी. गावाची राखण करणारा आणि गावात चोरी झाली की प्रथम पकडला जाणारा मनुष्य एकच. आमच्या लहानपणी घरात आजोबा, मुलांनी दार उघडे टाकले की, "मोघिये शिरतील" म्हणत. मोघिया ही एक माणसांची जमात आहे हे आम्हांस नोकरीला लागल्यावर कळले. मराठीत 'भामटा' या शब्दाचे असेच झाले. जमातीचे नाव शिवी झाले आणि शिवी शब्दकोशात स्थिर झाली. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले, पुढील वर्षी त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तेव्हा आमच्या परिचयातील एका सद्गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की असे नाव लेखकाने स्वतःच्या पुस्तकास का द्यावे? नाव त्याने दिलेले नव्हते, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

आता अमेरिकेकडे पुन्हा वळू. तेथे गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ तेथील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला, हे मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु फुले ही अर्पणपत्रिका लिहीत होते त्याच्या आधीच, १८६५-६६ मध्ये, दक्षिणेकडील राज्यांनी 'ब्लॅक कोड' नावाचे कायदे करून घेतले होते. कामधंदा नसलेला, ठावठिकाणा न सांगू शकणारा कृष्णवर्णीय हा 'भटक्या' म्हणून गुन्हेगार; त्याला दंड; दंड भरता न आल्यास त्याची मजुरी दुसऱ्यास विकावयाची. पुढे कैद्यांची मजुरी खाणींना आणि मळ्यांना भाड्याने देण्याची पद्धत पडली. आपल्याकडील १८७१ चा कायदा आणि तिकडील हे कायदे यांच्यात पाचसहा वर्षांचेच अंतर आहे. दोन्हीकडे मोकळ्या हिंडणाऱ्या मजुराची भीती, आणि त्याचे श्रम स्वस्तात मिळावे ही इच्छा, एकाच कागदावर आहेत. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग वगैरे ठिकाणी 'सेटलमेंट' वसवण्यात आल्या त्या गिरण्यांच्या आसपास, हा योगायोग नव्हे. तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या माणसांनी दिवसा गिरणीत राबायचे आणि ठरल्या वेळी हजेरीस उभे राहायचे. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे वस्तीचे नाव आजही आहे. कुंपणाबाहेर राहण्यास पात्र ठरलेल्यांची ती वस्ती. 'सेटलमेंट' आणि 'फ्री' हे दोन शब्द शेजारी बसवावे लागले, यातच सर्व आले.

'सेटलमेंट' या शब्दाची दुसरी एक कथा आहे, आणि समाजकार्याचा इतिहास तेथूनच सुरू होतो. शिकागो शहरात १८८९ साली जेन ॲडम्स या बाईंनी गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत स्वतः जाऊन राहून 'हल हाऊस' काढले. अशा घरांनाही 'सेटलमेंट'च म्हणत. तिथे शिकलेला माणूस गरिबाच्या शेजारी वस्तीला जातो. इकडे गरिबाला पोलीस वस्तीला बसवतात. शब्द एक, दिशा अगदी उलट. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ड हे मिशनरी मुंबईस आले, त्यांनी नागपाड्यात 'नेबरहूड हाऊस' चालवले, आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने निघालेल्या समाजकार्याच्या पहिल्या शाळेचे ते पहिले संचालक झाले. तीच पुढे 'टाटा समाजविज्ञान संस्था' म्हणून नावारूपास आली. म्हणजे जबलपुराहून 'ठग' तिकडे गेला आणि शिकागोहून समाजकार्य इकडे आले.

परंतु या येणाऱ्या मालातही खोट होती, आणि ती लपवू नये. जेन ॲडम्स यांच्यासारख्या थोर बाईंनी १९०१ साली कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकवण्याच्या प्रकारांचा निषेध करणारा लेख लिहिला. त्या लेखात त्यांनी सहज गृहीत धरले, की लटकवलेली माणसे गुन्हेगार तर असतीलच. आक्षेप होता तो कायदा हाती घेण्याला. आयडा वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने त्यास सौम्य पण सडेतोड उत्तर दिले: मुळात गुन्हा केला होता हेच कोण सांगतो? जमावच सांगतो ना! बाई आकडेवारीच्या पक्क्या होत्या. वर्तमानपत्रांत छापून आलेल्या कारणांवरूनच त्यांनी दाखवून दिले, की ज्या अत्याचाराची सबब सांगितली जाते तो आरोपदेखील बहुसंख्य प्रकरणांत केलेला नव्हता. आमच्या मते समाजकार्याच्या सगळ्या इतिहासातील हा कळीचा प्रसंग आहे. सहानुभूती बाळगणाऱ्या माणसाच्या मनातही शिक्का शाबूत राहू शकतो.

आपल्याकडच्या सेटलमेंटींमध्ये नेमके हेच झाले. त्यांच्या व्यवस्थेत मिशनरी होते, सुधारक होते, शाळा होत्या, विणकाम शिकवले जाई. मुंबई इलाख्यातील या वसाहतींचे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. पुढे १९२८ मध्ये दलित आणि आदिम जमातींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे दोघेही सदस्य होते. पण या सर्व सुधारणेचे गृहीतक 'यांना सुधारावयाचे आहे' हेच राहिले. समाजकार्यकर्ता तुरुंगाधिकाऱ्याचा मदतनीस होऊन बसला. अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली आपल्या व्यवसायाने भूतकाळात वर्णभेदास लावलेल्या हातभाराबद्दल जाहीर माफी मागितली. आपल्याकडे अशी माफी कोणी मागितल्याचे आमच्या वाचनात नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. त्या दिवसापासून या जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु मुक्त झालेल्या माणसाबरोबर त्याला जमीन दिली गेली नाही, आणि पोलीस ठाण्यातील बस्तेही जाळले गेले नाहीत. निरनिराळ्या राज्यांनी 'सराईत गुन्हेगारां'साठी कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. अमेरिकेत १८६५ नंतर जे घडले त्याचीच ही आवृत्ती नव्हे काय? त्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याची शिकार बेकायदा झाली. कायदा योग्यच होता. पण तितर धरणाऱ्याने उद्यापासून काय करावे, हे त्या कायद्यात कोठे लिहिले नव्हते. मोहाची दारू गाळणाऱ्या कंजरांचे आबकारी कायद्याने तेच झाले.

येथे एक आक्षेप रास्त आहे. वर्ण आणि जात या एकच गोष्टी नव्हेत. कृष्णवर्णीय मनुष्य लांबून ओळखू येतो, पारधी येत नाही. हे खरे. पण मग पारधी ओळखला कशावरून जातो? महाराष्ट्रात फासेपारध्यांची आडनावे काळे, भोसले, पवार, चव्हाण, शिंदे अशी आहेत. ग्वाल्हेर आणि धार-देवासच्या राजघराण्यांशी नाव जुळूनही त्याचा त्यांना ठाण्यात काडीचा उपयोग होत नाही. आमच्या मध्यप्रदेशात तर आडनावाच्या जागी 'पारधी' असेच लिहितात. कातडीचे काम येथे कागद करतो. महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रांपुढील त्यांच्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन दुःखांतले साम्य त्यांनी तेव्हाच हेरले होते.

कागद कसा काम करतो ते आता सांगतो. ही आमचीच गोष्ट आहे.

सन १९९२. एप्रिल-मे महिन्यांत सिंहस्थ होता. आम्ही त्या वेळी माळव्यातील एका तहसिलीत नायब तहसीलदार होतो, आणि त्या नात्याने कार्यपालक दंडाधिकारीही. पर्वणीच्या आधी ठाण्यातून इस्तगाशांचा गठ्ठा आला: दंड प्रक्रिया संहितेचे कलम ११०, सराईत गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तणुकीचा मुचलका घेणे. एकाच डेऱ्यावरील नऊ पारधी पुरुष. मजकूर चक्रमुद्रित, नाव, बापाचे नाव आणि वय एवढ्याच जागा शाईने भरलेल्या. 'निगराणी बदमाश' असा शेरा. आम्ही नवाच्या नवांवर सह्या केल्या. गठ्ठा वाचून पाहावा असे आम्हांस वाटले नाही, हे येथे स्पष्टपणे लिहून ठेवतो. आठ जणांना हजर करण्यात आले. नववा वर्षापूर्वीच वारला होता. मेलेल्या माणसाकडून आम्ही चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली होती.

चौकशी पूर्ण होईपर्यंत जामीनदारासह अंतरिम मुचलका द्या, न दिल्यास कोठडी, असा हुकूम झाला. माळव्यात जामीन म्हणजे पावती. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, की शेतकऱ्याच्या जमिनीच्या हक्काच्या पुस्तिकेस इकडे 'पावती' म्हणतात आणि ती दाखवल्याखेरीज जामीनदार उभा राहत नाही. पारध्याला जमीन नाही, त्याच्या सोयऱ्याला नाही, आणि ज्याला आहे तो गावकरी पारध्यासाठी ती कशास आणील? एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन कचेरीच्या ओट्यावर दोन दिवस बसून होती. तिसऱ्या दिवशी आम्ही जीपमध्ये चढताना तिने विचारले, "पावती किधर मिलती है, साब?" तिला वाटले होते, की तो काहीतरी कचेरीतून विकत मिळणारा कागद असावा.

त्याच दुपारी एक निवृत्त शिक्षिका कचेरीत आल्या. मराठीच होत्या, डेऱ्यावरच्या मुलांना झाडाखाली अक्षरे शिकवीत. कोणत्या संस्थेच्या नव्हत्या, हाती फक्त स्वतःची पावती होती. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, इस्तगासे जरा वाचून दाखवायला सांगता?" रीडरने पहिला वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्याला तो स्वतःच थांबला, कारण मजकूर पाठ झाला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "आठ जणांनी एकाच रात्री एकाच ठिकाणी एकच गोष्ट केली, आणि ती काय हे यात नाही." आम्ही निरुत्तर झालो. पावती एक होती. तिच्यावर एकच मनुष्य सुटला. उरलेल्या सातांना व्यक्तिगत मुचलक्यावर सोडण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ते आमच्या हातात होते. परंतु मेळा संपेपर्यंत त्यांना आतच राहू द्यावे असे वरून तोंडी सांगणे होते, आणि आम्ही ते मानले. सातही जण सिंहस्थ आटोपल्यावर बाहेर आले. त्यांच्यापैकी कोणावर काही सिद्ध झाले नाही, कारण सिद्ध करण्याजोगे त्यात काही नव्हतेच.

आमच्या हातून कोणाला मारहाण झाली नाही, असे आम्ही पुष्कळ वर्षे स्वतःस सांगत आलो. पण ज्याला कागदाने एकदा बदमाश ठरवले त्याच्यावर काठी चालवणाऱ्यास फारसे भय उरत नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडीत मेला. जूनमध्ये बारामतीकडे पिन्या हरी काळे या पारध्याचे तेच झाले. त्या वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड ही मंडळी एकत्र आली आणि विमुक्तांच्या हक्कांसाठी त्यांनी संघटना उभारली. बुधनच्या प्रकरणी शबरांच्या कल्याण समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि न्यायालयाने सीबीआय चौकशी व भरपाईचा आदेश दिला. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी आपल्या नाट्यसंस्थेस बुधनचे नाव दिले. सीमाभागात बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांनी 'बेरड' लिहिले आणि 'उत्थान' संस्थेद्वारे आपल्या जमातीवरील पोलिसी जाचाशी आयुष्यभर झुंज दिली. या सर्वांत आणि जुन्या सेटलमेंटच्या सुधारकांत मूलभूत फरक आहे. हे लोक जमातीला सुधारावयास निघाले नव्हते. ठाण्यात आणि न्यायालयात तिच्या बाजूस जाऊन उभे राहिले.

टाटा संस्थेनेही मार्ग बदलला. १९८४ पासून मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, त्यात समाजकार्यकर्ते पोलिसांच्या शेजारी बसू लागले. १९९० पासून 'प्रयास' हा उपक्रम कोठड्यांत आणि तुरुंगांत पोहोचला. ज्याला वकील नाही, जामीनदार नाही, त्याच्यासाठी रोजची उठाठेव करणे हे त्यांचे काम. फार मोठे वाटत नाही. ओट्यावर बसलेल्या त्या बाईला नेमके तेवढेच हवे होते.

आमच्या राज्याविषयी लिहिताना लेखणी जड होते. बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ, जेथे मराठी घरोघर बोलली जाते, तेथील चौथिया गावची पारध्यांची वस्ती सप्टेंबर २००७ मध्ये जमावाने जाळली. शेजारच्या गावातील एका स्त्रीच्या हत्येचा संशय पारध्यांवर होता. शिक्षा सगळ्या वस्तीला झाली. पोलीस उपस्थित होते. पारधी दाम्पत्य मृत आढळले, उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला, आणि विस्थापित कुटुंबे कित्येक वर्षे बैतूलच्या मैदानात तंबूवजा झोपड्यांत राहिली. आणि जुलै २०२४ मध्ये गुना जिल्ह्यात, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानाच्याच मुलखात, देवा पारधी हा पंचविशीतला तरुण स्वतःच्या लग्नाच्या दिवशी चोरीच्या संशयावरून उचलला गेला, आणि पोलिसांच्या ताब्यातच मेला. हृदयविकार, असे पोलिसांनी सांगितले. त्याच्याबरोबर धरलेला त्याचा काका हाच प्रत्यक्षदर्शी, आणि तोच एकामागून एक प्रकरणांत तुरुंगात. देवाच्या आईने दाद मागितली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि जबाबदार पोलिसांना महिन्याभरात अटक करण्यास सांगितले. महिना गेला, उन्हाळा आणि पावसाळा गेला. अवमानाची तंबी मिळाल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात अटक झाली.

सर्वोच्च न्यायालयाची दोन निवेदने मात्र येथे नोंदवली पाहिजेत, कारण ती थेट कागदाविषयी आहेत. मे २०२४ च्या एका निकालात न्यायालयाने सर्व राज्यांस सांगितले, की मागास व विमुक्त जमातींतील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहापोटी पोलिसांच्या हिस्ट्री शीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तुरुंग नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला, आणि 'सराईत गुन्हेगार' या व्याख्येत विमुक्त जमातींचा उल्लेख यापुढे नको असे बजावले. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

सन २०२८ च्या सिंहस्थाची तयारी आता उज्जैनात चालू आहे. घाट बांधले जात आहेत, रस्ते रुंद होत आहेत. आमच्या ओळखीचा एक तरुण अधिकारी जवळच्याच तहसिलीत नायब आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा आम्ही त्यास इस्तगाशाचा आजचा नमुना दाखवण्याची विनंती केली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेमुळे ११० च्या जागी १२९ आले आहे, चक्रमुद्रणाच्या जागी संगणक आला आहे. आम्ही चष्मा लावून खालपर्यंत वाचले. मजकूर आम्हांस अजून पाठ होता. जामीनदाराच्या रकान्यात पावतीचा क्रमांक लिहिण्यासाठी तशीच रिकामी रेघ आहे.